पोरांच्या अंगाला संजीवक नको



हे पान पीकपाण्याचं. इथे बोंडअळी, हुमणी, खताची टंचाई यावर लिहायचं असतं. पण आजचा विषय आपल्या घरातल्या पिकाचा आहे, म्हणजे सोळा ते पंचवीस वयाच्या पोरांचा. बाजारपेठेच्या गावांत आता जिम उघडल्या आहेत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी सैन्याची, कुणाला जत्रेचा फड गाजवायचा असतो, तर कुणाला नुसतं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर रुबाबात दिसायचं असतं. पोरं घाम गाळतात ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण घामाबरोबर एक दुसरी वस्तूही गावात शिरली आहे. कुणी तिला ‘कोर्स’ म्हणतं, कुणी ‘सायकल’, कुणी ‘ताकदीचं इंजेक्शन’. तीन महिन्यांत छाती आणि दंड भरून दाखवणारी ही वस्तू म्हणजे संप्रेरकं. इंग्रजी नाव हार्मोन.

औषध काय घ्यावं हे डॉक्टरांनीच सांगायचं, ते कृषी खात्यातल्या माणसाचं काम नाही. पण संप्रेरक बाहेरून दिलं की जिवंत शरीराचं काय होतं, हे शेतकऱ्याला जितकं लवकर समजेल तितकं दुसऱ्या कुणाला समजणार नाही. आपण ते वेलीवर पाहतो, गोठ्यात पाहतो. म्हणून हा विषय या पानावर.

वेलीवरचा हिशेब

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागायतदारांना जीए माहीत आहे. जिबरेलिक ॲसिड. घड लांबवायला आणि मणी फुगवायला आपण त्याच्या द्रावणात घड बुडवतो. हे संजीवक, म्हणजे वनस्पतीचं संप्रेरकच. माल वजनदार होतो, व्यापारी खूश होतो. पण जाणता बागायतदार जीएची पुडी कशी हाताळतो ते बघा. ग्रॅमाचा हिशेब ठेवतो, पीपीएम मोजतो, मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये पाहतो, पाण्याचा सामू तपासतो. मात्रा चुकली किंवा वेळ चुकली तर देठ जाड आणि कडक होतो, मणी गळतात. त्याहून मोठं नुकसान तर डोळ्यांना दिसतच नाही. जीए जास्त झालेल्या वेलीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड कमी धरतात. यंदाचा मणी फुगतो आणि पुढच्या वर्षीची बाग उणी पडते.

वेलीसाठी एवढी काळजी घेणारा माणूस आपल्या पोराच्या दंडात कोण, कोणतं आणि किती संजीवक टोचतंय हे विचारतसुद्धा नाही. हे बरं आहे का?

गोठ्यातला दाखला

एकाच गाईचे दोन खोंड घ्या. एक खच्ची केला, दुसरा वळू म्हणून राखला. चारा तोच, पेंड तीच. तीन-चार वर्षांनी वळूची मान जाड, वशिंड उंच, नजर मारकी. बैल मात्र शांत आणि मानेने सडपातळ. हा फरक खुराकाचा नाही. अंडातून रक्तात उतरणारं टेस्टोस्टेरॉन नावाचं एक संप्रेरक आहे, त्याचा हा फरक. जुन्या माणसांनी आणखी एक गोष्ट पाहिली असेल. लहानपणीच खच्ची केलेला खोंड पायाने उंच निघतो. कारण हे संप्रेरक अंगात आलं की हाडांच्या टोकांची वाढ मिटत जाते, ते नसलं की हाडं जास्त दिवस वाढत राहतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

माणसाचंही तसंच. १९३५ साली युरोपात हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झालं. पुढे त्याच्या घडणीची अनेक कृत्रिम द्रव्यं निघाली. नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडिएनॉन ही त्यांतली काही नावं. या सगळ्यांना मिळून ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात. ज्या पुरुषाच्या अंगात आजारामुळे हे संप्रेरक नीट तयार होत नाही, त्याला डॉक्टर रक्त तपासून, मोजून देतात. तिथे ते औषध आहे. धडधाकट पोराने घेतलं की तेच उलटतं. कसं, ते आता पाहू.

टाकी भरली की मोटर बंद

पाण्याच्या टाकीत आपण फ्लोट बसवतो. पाणी वर आलं की मोटर आपोआप बंद, खाली गेलं की चालू. शरीरातही अशीच सोय आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी झालं की ती वृषणांना हुकूम सोडते, ‘काम चालू करा.’ पुरेसं झालं की हुकूम थांबवते. सुईने बाहेरून टाकी काठोकाठ भरली की पीयूषिकेला वाटतं, पाणी भरपूर आहे. मग हुकूम थांबतो आणि मोटर बंद पडते. वृषणं आक्रसतात, शुक्राणू बनणं थंडावतं. म्हणजे वळू व्हायला निघालेला पोरगा स्वतःच्या हाताने स्वतःला खच्ची करून घेत असतो.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एक दाखला देतो. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं होतं. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिल्यावर काही महिन्यांत बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यातले शुक्राणू शून्यावर आले. पोरं मर्दानी दिसायला जे टोचून घेतात, ते शास्त्रज्ञांनी मूल होऊ नये म्हणून वापरून पाहिलेलं आहे. त्या अभ्यासात मात्रा ठरलेली होती, डॉक्टरांची देखरेख होती, आणि इंजेक्शन थांबल्यावर काही महिन्यांत शुक्राणू परत आले. ‘कोर्स’मध्ये मात्र याच्या कित्येक पट मात्रा, दोन-तीन द्रव्यं एकत्र, आणि तेही वर्षानुवर्षं. अशा शरीरात मोटर पुन्हा चालू व्हायला कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. काहींची ती पहिल्यासारखी होतच नाही.

आता आपल्याकडची रीत बघा. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की दोष कुणाला? सुनेला. तिला डॉक्टर, देवऋषी, उपास, नवस. शेजारणी कुजबुजतात, दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. पोराची एक साधी तपासणी कुणाला सुचत नाही, कारण पोरगं कसं पहिलवानासारखं दिसतं! ज्या दंडाकडे बघून आपण निश्चिंत असतो, दोष त्या दंडातल्या सुईचा असू शकतो. दुसऱ्याची लेक मात्र त्यापायी विनाकारण होरपळते. मूल राहत नसेल तर तपासणी दोघांची करायची, आणि पुरुषाची आधी करायची. ती सोपी आहे आणि स्वस्तही आहे.

याच गडबडीत आणखी एक प्रकार होतो. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर स्त्री-संप्रेरकात बदलतं. त्यातून पोरांची छाती बाईसारखी वाढते, आणि कधी ती शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. मुलींनी ही द्रव्यं घेतली तर आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते. औषध बंद केलं तरी गेलेला आवाज परत येत नाही.

वरून हिरवं, आतून पोकळ

नुसता युरिया ओतलेला गहू काळाभोर दिसतो आणि पहिल्याच वाऱ्यात लोळतो. स्टेरॉइडच्या अंगाचंही तसंच आहे. स्नायू झपाट्याने फुगतो, पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा त्या वेगाने बळकट होत नाही. वजन उचलताना ती तटकन तुटते आणि उमेदीचा पैलवान खाटेवर येतो.

ही दिसणारी इजा. न दिसणारी हृदयाची आहे. हृदय हाही स्नायूच. तो जाड आणि ताठर होतो, त्याची पंप करण्याची ताकद घटते. रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं आणि वाईट वर जातं, त्यामुळे रक्तवाहिन्या ऐन तरुणपणी चोंदू लागतात. रक्तदाब चढतो. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी हृदयाकडे गेली तर झटका, मेंदूकडे गेली तर लकवा. डेन्मार्क देशात व्यायामशाळांतल्या चाचणीत स्टेरॉइड घेताना सापडलेल्या १,१८९ पुरुषांचा सरासरी अकरा वर्षं मागोवा घेतला गेला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांच्याच वयाच्या इतर पुरुषांच्या मानाने त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे पावणेतीन पट निघालं. ही तरुण, व्यायाम करणारी माणसं होती हे विसरू नका.

तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा मार यकृतावर बसतो. कावीळ होते, यकृतात रक्ताच्या पोकळ्या तयार होतात, गाठीही होतात. अंगावर पुरळ येतं, ऐन विशीत टक्कल पडतं. डोकं तापट होतं. साध्या बोलण्यावरून ताट भिरकावलं जातं, भावाभावांत हाणामारी होते. सुई थांबवली की उलटं होतं. आतली मोटर बंद आणि बाहेरचं पाणीही बंद. मग अंग गळतं, झोप उडते, मन खचतं, जगण्याची इच्छा कमी होते. म्हणून पोरगं पुन्हा सुईकडे वळतं. हे व्यसनच आहे, फक्त त्याला दारूसारखा वास येत नाही.

एकच बाटली आणि एकच सुई तिघा-चौघांत फिरवली तर पू होणं ही किरकोळ गोष्ट झाली. एचआयव्ही आणि काविळीचे बी, सी प्रकार त्याच सुईतून एका अंगातून दुसऱ्या अंगात जातात.

आता खोंडाच्या उंचीची गोष्ट आठवा. सोळा-सतरा वर्षांच्या पोराची हाडं अजून वाढत असतात. त्या वयात बाहेरून हे संप्रेरक मिळालं की हाडांची टोकं वेळेआधी मिटतात आणि उंची तिथेच थांबते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६५ सेंटिमीटर उंची लागते. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त लागते. छाती व्यायामाने वाढवता येते. थांबलेली उंची जगातला कुणीही डॉक्टर वाढवून देऊ शकत नाही. जो पोरगा भरतीसाठी म्हणून सुई घेतो, तो भरतीचा दरवाजा स्वतःच बंद करून घेऊ शकतो.

नाव ताकदीचं, माल भलताच

गावात जे विकलं जातं त्यात खरं काय असतं? इथे चार वेगवेगळे प्रकार समजून घ्यायला हवेत.

पहिला प्रकार म्हणजे वजन वाढवायच्या गोळ्या. डेक्सामेथासोनसारखी द्रव्यं, आणि जोडीला भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडीन. हेही स्टेरॉइडच म्हणवतात, पण जात वेगळी. दम्याच्या, ॲलर्जीच्या गंभीर रुग्णाला ती जीव वाचवतात. ताकदीसाठी घेणाऱ्याचा मात्र चेहरा गोल होतो, अंगात पाणी साठतं, आणि घरचे म्हणतात, ‘पोरगं भरलं!’ प्रत्यक्षात हे द्रव्य स्नायू झिजवतं, हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं. बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केलं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा गोळ्या कुणी घेत असेल तर त्या फेकून देऊ नका. गोळ्यांसकट पोराला डॉक्टरांकडे न्या, ते हळूहळू कमी करतील.

दुसरा प्रकार जनावरांच्या औषधांचा. ट्रेनबोलोन हे द्रव्य अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या जनावरांचं वजन वाढवायला कानाच्या कातडीखाली बसवतात. पोरं त्याचं नाव कौतुकाने घेतात. ज्या बाटलीवर ‘फक्त जनावरांसाठी’ असं छापलेलं आहे, ती माणसाच्या अंगात टोचायची? आपण म्हशीला पान्हा सोडायला ऑक्सिटोसिनची सुई मारणाऱ्याला नावं ठेवतो, आणि ते योग्यच आहे. जनावराच्या आरोग्याला अपाय करून दूध वाढवणारी इंजेक्शनं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. मग म्हशीला जी माया दाखवतो, ती पोराला दाखवायला नको?

तिसरा प्रकार मेफेंटरमिनचा. शस्त्रक्रियेत रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. संप्रेरक नाही, पण विकणारे तेच. जास्त वेळ व्यायाम व्हावा, धावताना दम लागू नये म्हणून पोरं ते शिरेतून घेतात. हृदय बेताल होतं, रक्तदाब भडकतो, सवय जडते. याच्या बेकायदा विक्रीवर राज्यात पोलिसांनी कारवाया केल्या आहेत.

चौथा प्रकार पावडरच्या डब्याचा. इथे न्यायाने बोललं पाहिजे. चांगल्या कंपनीची प्रथिन पावडर विष नाही. चीज, पनीर करताना जे पाणी निघतं, चक्का टांगल्यावर जे पाणी गळतं, त्यातल्या प्रथिनांचीच ती भुकटी. पण बनावट डब्यांत आणि बेनावाच्या ‘मास’ पावडरीत छुपं स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. पंधरा दिवसांत अंग दिसायला लागलं तर ती डब्याची करामत समजू नका, शंका घ्या.

खेळाडूंना तर याची दुहेरी भीती. नियम असा आहे की जे अंगात सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या चाचणीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिएनॉन सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि देशातल्या समितीने ते मान्यही केलं होतं. तरी क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट २०१६ रोजी चार वर्षांची बंदी घातली. एवढ्या मोठ्या मल्लाची ही गत, तर जिल्हा पातळीवरच्या पोराला कोण वाचवणार? म्हणून तालमीतल्या पोरांनी दुसऱ्याने दिलेली पावडर, गोळी, उघडी बाटली तोंडाला लावू नये.

‘अहो, हे तर व्हिटॅमिन आहे,’ असं सांगून सुई देणारे सगळीकडे असतात. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजनेखाली खेळाडूंना, अगदी कोवळ्या मुलींनाही, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि बहुतेकांना त्या जीवनसत्त्वाच्या म्हणून सांगितल्या गेल्या. पदकं मिळाली. पुढे त्याच मुली यकृताचे, हृदयाचे, गर्भाशयाचे विकार घेऊन न्यायालयात उभ्या राहिल्या, आणि २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या देशाच्या क्रीडाप्रमुखाला दोषी ठरवलं. तोवर पदकं जुनी झाली होती, दुखणी मात्र ताजी होती.

मग अंग कमवायचं कसं?

नुसतं ‘घेऊ नको’ म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. त्यांना वाट दाखवावी लागते. ती वाट आपल्याच शेतात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, ते तांबड्या मातीत घडलेले होते. जोर, बैठका, मल्लखांब, दोरावर चढणं, धावणं हे आजही फुकट आहे.

खुराकाचा हिशेब मांडू. साठ किलो वजनाच्या, रोज व्यायाम करणाऱ्या पोराला दिवसाला साधारण ९० ग्रॅम प्रथिनं पुरतात. लिटरभर दुधात सुमारे ३२ ग्रॅम. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२. पन्नास ग्रॅम हरभरे भिजवून घेतले तर १०. पाऊण वाटीभर, म्हणजे ७५ ग्रॅम, तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत १६. ज्वारी-बाजरीच्या चारशे ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४०. बेरीज ११० होते, आणि यात अंडी-मटण धरलेलंच नाही. दोन अंडी खाल्ली तर आणखी १२. घरचं सगळं दूध डेअरीला घालून पोरासाठी डबा विकत आणायचा, याला शहाणपण म्हणत नाहीत. एक लिटर घरात ठेवा.

सोयाबीनचं बघा. २०२४-२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात अनेकांना त्याहून कमीने माल द्यावा लागला. त्या क्विंटलमध्ये पस्तीस किलोच्या वर प्रथिन असतं. दोन किलोच्या डब्यात फार तर दीड किलो. सोयाबीन कच्चं खायचं नाही. त्यात पचन अडवणारा घटक असतो, तो नीट उकडल्यावर किंवा भाजल्यावर मोडतो. भिजवून, उकडून उसळ करा. भाजून, दळून दहा किलो ज्वारी-गव्हात एक किलो मिसळा. पीठही चवीला बिघडत नाही.

बाकी उरते ती झोप आणि धीर. स्नायू व्यायामात झिजतो आणि झोपेत भरतो. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला मैदान, यात अंग भरत नाही. मातीतलं अंग वर्षाला थोडं थोडं वाढतं, पण ते टिकतं.

गावाने काय करायचं?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई यांना ही कामं जड नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपैकी एका सभेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा आणि हा विषय मांडायला सांगा. गावातल्या प्रत्येक व्यायामशाळेत ठळक फलक लावून घ्या, की इथे इंजेक्शन, गोळी, बेनावाची पावडर दिली किंवा विकली जाणार नाही. ग्रामपंचायतीच्या जागेवर जिम असेल तर करारात ही अट घाला आणि मोडली तर जागा काढून घ्या.

ही सगळी संप्रेरकं औषध नियमावलीच्या अनुसूची ‘एच’मध्ये येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे. औषध दुकानदार, गुरांच्या औषधांचा विक्रेता किंवा जिमचा ट्रेनर विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करा, प्रत पोलिसांना द्या. पावडरच्या डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक नसेल तर तो घेऊ नका, आणि बिलाशिवाय तर अजिबात घेऊ नका. जत्रा कमिटीने फडाचं आमंत्रण देताना वस्तादांना सांगावं, की आमच्या फडात डाव बघितला जाईल, दंडाची फुगवण नाही.

आई-वडिलांनी खुणा ओळखाव्यात. महिना-दोन महिन्यांत अचानक भरलेलं अंग, पाठीवर-खांद्यावर दाट पुरळ, विनाकारण संताप, दंडावर किंवा कुल्ल्यावर सुईचे डाग, खोलीत रिकाम्या बाटल्या, पैशांची चणचण. दिसलं तर मारझोड करू नका, त्याने पोरगं लपवायला शिकतं. त्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. रक्तदाब, रक्त, यकृत आणि हृदयाचा आलेख यांवरून बरंच कळतं. छातीत कळ, दम, डोळे पिवळे, पोटरीला एकाएकी सूज आणि दुखणं, एका बाजूला बधिरपणा, यांतलं काही झालं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

शेवटी त्या पोरांना दोन शब्द, कारण हे पान तेही वाचतात. बाळांनो, घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. काय, किती, किती दिवस हे सगळं खरं सांगा, बाटली असेल तर दाखवा. डॉक्टर पोलिसांत देत नाहीत, औषध देतात. अजून घेतलं नसेल तर एवढंच विचारा, की जो सुई विकतो तो तुमच्या चाळिशीत तुमच्या उशाशी बसणार आहे का? बसतील ती तुमचीच माणसं. त्यांच्यासाठी हे शरीर नीट राखा. बियाण्याचं पोतं कुणी मोडून खात नाही, आणि तुम्ही या गावाचं बियाणं आहात.